सासुरवाडीतल्या सुया

माझ्या पित्ताशयात तीन खडे होते आणि तिघेही माझ्यापेक्षा शिस्तीचे होते. जागा सोडत नव्हते.

जळगावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, तेल-तूप बंद केलं आणि एवढ्यावर भागलं नाही तर ऑपरेशन, असं सांगितलं. मला ऑपरेशनची भयंकर भीती वाटते. (डॉक्टर 'छोटंसंच आहे' म्हणाले. छोटं त्यांच्यासाठी, पोट माझं!) तेव्हा धुळ्याहून माझे मेहुणे रमेशभाऊ धावून आले. त्यांच्या गल्लीत ॲक्युपंक्चर करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. गोळ्या चालू ठेवून दर शनिवारी सुया टोचून घ्यायच्या, असं ठरलं. धुळं ही माझी सासुरवाडी आहे, ही गोष्ट तेव्हा कुणालाच धोक्याची वाटली नाही.

डॉक्टरीणबाई फार सरळ निघाल्या. सुयांनी दुखणं कमी व्हायला मदत होईल, पण गोळ्या सोडायच्या नाहीत आणि पथ्य मोडायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मग खडे पोटात असताना सुया पायात टोचल्या. मी शंका काढली तर त्यांनी हातातही दोन टोचल्या, म्हणून पुढे मी शंका काढल्या नाहीत. शेवटी दोन्ही कानांवर बारीक बिया पट्टीने चिकटवल्या आणि जेवणानंतर त्या दाबायला सांगितल्या.

तिथून निघून सासूबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या, पाया पडायला गेलो. जावई दारी येऊन उपाशी परत गेला तर अक्कांना गल्लीत तोंड दाखवता येत नाही. त्यांनी खापरावर पुरणपोळी टाकली होती, शेजारी तेलाचा तवंग आलेली रशी, म्हणजे झणझणीत आमटी, होती आणि तूप वाटीत नव्हतं, तांब्यात होतं. मी पथ्याचं बोललो. अक्कांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"जवाईबापू, आंगमा इतल्या सुया टोची लिन्यात ना? मंग खावाले काय भेव शे?"

खरं सांगतो, वैद्यकशास्त्रात इतका पटणारा युक्तिवाद मी आजवर ऐकला नव्हता. तीन पोळ्या खाल्ल्या आणि वर कानांवरच्या बिया दाबल्या. हिशेब फिटला!

असे अकरा शनिवार गेले. सहा दिवस जळगावात पिंप्राळ्यातल्या घरी बायको, सुनंदा, मला उकडलेला दुधी, मुगाचं पाणी आणि वेळेवर गोळ्या द्यायची. सातव्या दिवशी मी उत्साहाने उपचाराला निघायचो. या माणसाने दुखण्याचं किती मनावर घेतलंय, म्हणून ती शेजाऱ्यांकडे कौतुक करायची. धुळ्यात काय खाल्लं विचारलं की मी खिचडी सांगायचो. पातळ, असंही जोडायचो.

बाराव्या शनिवारी परतीच्या बसमध्ये पारोळ्याच्या अलीकडे पोटात कळ आली. मी घाईघाईने दोन्ही कान दाबले. कळ वाढली, आणखी जोरात दाबले. शेजारच्या बाईंना वाटलं, मी कान धरून कुणाची तरी माफी मागतोय. त्यांनी समजुतीच्या सुरात, देव सगळ्यांना क्षमा करतो, म्हणून सांगितलं. देवाचं ठीक होतं, मला सुनंदाची काळजी होती.

बसमधूनच सुनंदाला फोन केला, तिने जळगावला उतरवून मला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दुपारी काय खाल्लं ते विचारलं. मी कण्हत खिचडी म्हणालो. ती कशाची होती हे विचारायला सुनंदाने भाबडेपणाने अक्कांना फोन लावला आणि डॉक्टरांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"आज काहीच खादं नही त्यासनी," अक्का काळजीने म्हणाल्या. "फक्त चार पोळ्या, नि वाटीभर तूप."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सुनंदाने फोन बंद केला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन महिने मीपण दुधीच खाल्ला," ती म्हणाली. "तुम्हाला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून."

त्या क्षणी पोटातली कळ काहीच नव्हती, इतकी लाज वाटली. भूल देईपर्यंत मी तिची माफी मागत होतो, आणि यावेळी खरोखर कान धरून.

ऑपरेशन झालं. खडे गेले, पित्ताशयही गेलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर एवढंच विचारलं, की त्यांच्या सुयांना दोष तर देत नाही ना. मी नाही म्हणालो. गोळ्यांचाही दोष नव्हता. राहता राहिलो मी.

आता चार महिने झाले, डॉक्टरांनी बेताने सगळं खायची परवानगी दिली आहे. परवा सकाळी माझा उजवा गुडघा दुखू लागला. सुनंदाला म्हटलं, औषधासोबत सुयाही टोचून घ्याव्यात का? ती लगेच तयार झाली. जळगावातच, आपल्या कॉलनीच्या मागे, सुया टोचणारे चांगले डॉक्टर आहेत म्हणाली.

गुडघा तिथल्या तिथे बरा झाला.