हरिशरणजींचं ताट

कामोठे गावात पंढरीशेठ घरतांना ओळखत नाही असा माणूस मिळणं अवघड होतं, आणि मिळालाच तर पंढरीशेठ स्वतः त्याच्याकडे जाऊन ती उणीव भरून काढत. भातशेती सिडकोने घेतली तेव्हा त्यांनी हाय खाल्ली नाही. गावठाणातल्या उरलेल्या जागेवर तीन मजले चढवले, बारा खोल्या काढल्या आणि मुंबईहून जागा शोधत येणाऱ्या नोकरदारांना भाड्याने दिल्या. अंगात पांढरा सदरा, गळ्यात चेन आणि पायात मात्र कायम रबरी चप्पल, कारण बूट चढवले की आपण कुणाच्या तरी लग्नाला निघालोय असं त्यांना वाटायचं. दिवसभर ते ओट्यावर बसत. भाडेकरू कामावर निघताना एकदा आणि परतताना एकदा त्यांच्यापुढून जात आणि दोन्ही वेळा काही ना काही ऐकून जात.

इमारतीचं नाव होतं ‘हरिशरण सदन’. फूटभर उंचीची सिमेंटची अक्षरं, त्यावर निळा ऑइलपेंट, दर दिवाळीला नवा हात. हे नाव घरातल्या कुणाचं नव्हतं. हरिशरणजी म्हणजे दिल्लीतले बडे नेते, दोनदा मंत्री झालेले. १९८६ साली गावातल्या शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन करायला आले होते आणि त्या दिवशी पंढरीशेठांच्या घरी जेवले होते. निदान पंढरीशेठ तसं सांगत.

सांगत म्हणजे रंगवून सांगत. नवीन भाडेकरू आला की त्याला आधी नळाची वेळ, मग संडासाची बाजू आणि मग ताट दाखवलं जाई. ताट पितळेचं होतं, जड, काठाला वेलबुट्टी असलेलं. त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, ते मुद्दाम पनवेलहून आणलं होतं. एरवी ते धुतलेल्या पंच्यात गुंडाळून फडताळात असे. पंढरीशेठ पंचा सोडत आणि म्हणत, या ताटात हरिशरणजींनी खाडीतल्या जिताड्याचं कालवण खाल्लं, दोनदा मागून घेतलं आणि बाईंना म्हणाले की मीठ अगदी बरोबर पडलंय. नवा भाडेकरू ताटाकडे मान तुकवून बघे. खोलीला गळती आहे का, हे विचारायचं त्याच्या लक्षातून जाई.

त्या दिवशी खरं काय झालं होतं, हे गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. सरस्वतीबाई पहाटेपासून चुलीपुढे होत्या. नेते दोन तास उशिरा आले, उंबऱ्याबाहेर उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायले, सेक्रेटरीने घड्याळ दाखवलं तसे हात जोडून म्हणाले, ‘खाना अगली बार, पक्का,’ आणि गाडीत बसून गेले. जिताड्याचं कालवण बंदोबस्ताला आलेल्या हवालदारांनी संपवलं आणि वर भात मागितला. पितळेचं ताट कोरडंच राहिलं.

पंढरीशेठांना त्या शब्दावर विश्वास होता. त्यांच्या गावात जेवायला येतो म्हणून सांगितलं की माणूस मरणापलीकडे कशानेही थांबत नाही. म्हणून त्यांनी ताट जपून ठेवलं आणि इमारतीला नाव दिलं. त्याच दिवशी संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी विचारलं, ‘मग जेवले का साहेब?’ तेव्हा आज ना उद्या जेवणारच आहेत, मधला काळ कशाला सांगत बसा, असा विचार करून ते ‘हो’ म्हणाले. नऊ वर्षं झाली, तो मधला काळ काही संपला नाही. बायाबापड्या सरस्वतीबाईंना त्या जेवणाचं विचारत तेव्हा त्या एवढंच म्हणत, ‘ते त्यांनाच इचारा,’ आणि दाराबाहेर बघत.

१९९५ साली देशात मोठा गदारोळ झाला. हरिशरणजींनी आपल्या खात्याची कामं एका बड्या ठेकेदाराला दिली, असा आरोप झाला. हरिशरणजी संसदेत उभे राहून म्हणाले, त्या माणसाच्या घरी मी कधी पाणीसुद्धा प्यायलो नाही. आठच दिवसांत एका वर्तमानपत्राने फोटो छापला. ठेकेदाराचं फार्महाऊस, समोर पानं मांडलेली आणि पाठमोरा बसलेला एक जाडगेला माणूस. तो हरिशरणजी आहे की नाही, यावर सगळा देश भांडायला लागला. पाठीवरून माणूस ओळखता येतो का, या विषयावर तज्ज्ञ बोलू लागले.

हरिशरण सदनात तर कहर झाला. दुसऱ्या मजल्यावर अरविंद करमरकर राहत. गिरगावातून आलेले, एका विमा कंपनीत हेडक्लार्क, आणि हरिशरणजींचे जुने वैरी. म्हणजे हरिशरणजींना याची कल्पना नव्हती, पण करमरकरांनी ते वैर एकट्याने नेटाने चालवलं होतं. रोज संध्याकाळी ते कामावरून येत, वर न जाता ओट्यावर बसत आणि बॅगेतून कात्रणं काढत. ती मान बघा, म्हणत. तो टकलाचा चांद बघा. पंढरीशेठ चष्मा लावून बघत आणि म्हणत, आमच्या साहेबांची पाठ इतकी रुंद नाही.

मग पंढरीशेठांनी आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं. ज्या माणसाने माझ्या घरी जमिनीवर मांडी घालून माझ्या बायकोच्या हातचं खाल्लं, तो ठेकेदाराकडे जाऊन जेवेल कशाला आणि जेवला तर लपवेल कशाला? करमरकर म्हणाले की हा काही पुरावा होत नाही, तुमच्याकडे जेवला म्हणून त्याच्याकडे उपाशी राहिला असं थोडंच आहे. पण वाद सोडताना ते दरवेळी एक गोष्ट कबूल करत, की एवढा मोठा माणूस तुमच्या घरी पंक्तीला बसला हे मात्र चांगलं झालं. पंढरीशेठ या कबुलीवर खूश होत.

इमारतीचं नाव बदलावं अशीही एक सूचना आली होती. तिला सगळ्यात आधी विरोध केला तो करमरकरांनीच. त्यांच्या रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर हाच पत्ता होता. रेशनकार्डावरचा पत्ता बदलण्यापेक्षा देशातलं सरकार बदलणं सोपं, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि ते कुणालाच खोडता आलं नाही.

या सगळ्यात पंढरीशेठांचा पुतण्या मितेश होता. हा पक्षाचा कार्यकर्ता. ठिकठिकाणी फलक लावायचे आणि त्यावर कोपऱ्यात स्वतःचा फोटो घालायचा, हे त्याचं मुख्य काम. निवडणुका तोंडावर आल्या होत्या, हरिशरणजी गावोगाव सभा घेऊन आपली बाजू मांडत होते आणि त्यातली एक सभा कळंबोलीच्या मैदानात ठरली. मितेशने पक्षातल्या वरच्या मंडळींना एक चिठ्ठी पाठवली. काकांची जेवणाची गोष्ट त्याने लहानपणापासून ऐकली होती. त्याने ती जशीच्या तशी लिहिली, माशाच्या नावासकट.

सभेच्या आदल्या दिवशी तो धापा टाकत आला. ‘काका, साहेब तुमाला स्टेजवर बोलावनार हायेत. सगळं सेट केलंय मी. टेन्शन नाय.’

टेन्शन नाय म्हटल्यावर पंढरीशेठांना ते चढलं. सरस्वतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला. पंढरीशेठांनी स्वतःची समजूत घातली की झालं ते बरंच झालं. साहेब समोर भेटतील, त्यांना शब्दाची आठवण करून देऊ, ते सभा संपली की घरी येतील, जेवतील, आणि नऊ वर्षांपूर्वी मारलेली थाप एकदाची खरी होऊन जाईल. त्यांनी बाईंना जिताडा आणून ठेवायला सांगितलं आणि स्वतः बूट पुसायला घेतले.

मैदान भरलं होतं. हरिशरणजी आले. नऊ वर्षांत ते बरेच रुंद झाले होते, आणि ती पाठ बघून पंढरीशेठांच्या मनात पाल चुकचुकली. भाषणात ते ठेकेदारापर्यंत आले, आवाज चढवला, मग हातातल्या चिठ्ठीकडे बघून एकदम मऊ झाले. म्हणाले की मी जेवतो, पण कुणाच्या घरी? धनदांडग्यांच्या नाही. मी जेवतो किसानाच्या घरी. तो किसान इथे बसला आहे. पंढरीनाथजी, वर या.

पंढरीशेठ वर गेले. बूट करकरत होते. हरिशरणजींनी त्यांना मिठीत घेतलं, माइकपाशी आणलं आणि म्हणाले, ‘इनकी पत्नी के हाथ का वो जिताडा! आज भी स्वाद ज़बान पर है। बताइए पंढरीनाथजी, खाया था कि नहीं?’

पंढरीशेठांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे लबाडी दिसेल असं त्यांना वाटलं होतं. ती दिसली नाही. साहेबांचे डोळे चक्क ओले झाले होते. इतक्या घरांत जेवलेल्या आणि इतक्या घरांतून न जेवता निघालेल्या त्या माणसाला यातलं काहीच आठवत नव्हतं. चिठ्ठीत होतं, म्हणून त्यांनी मानलं होतं. आणि चिठ्ठीतली थाप पंढरीशेठांची होती. देशभर ज्याला खोटारडा म्हणत होते तो माणूस या एका बाबतीत प्रामाणिक होता, आणि या स्टेजवर खोटं बोललेला माणूस एकच होता, करकरणाऱ्या बुटांतला.

मैदान वाट बघत होतं. पहिल्या रांगेत मितेश हाताने खूण करत होता, बोला, बोला. मागे कुठेतरी करमरकर उभे होते, वैऱ्याला जवळून बघायला आलेले. पंढरीशेठांनी माइक धरला. नाही म्हणावं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. हो म्हणावं तर जीभ उचलेना.

‘माझे बायकोनं रांधलं होतं,’ ते म्हणाले.

वाक्य शंभर टक्के खरं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मितेशने घोषणा दिली. हरिशरणजींनी पंढरीशेठांचा हात उंचावला आणि तो उंचावलेला हात खाली येईपर्यंत फोटोवाल्यांनी आपलं काम उरकलं. उतरताना पंढरीशेठ हळूच म्हणाले, साहेब, आज जेवायला घरी. साहेबांनी छातीवर हात ठेवला, ‘अगली बार, पक्का,’ म्हणाले आणि पुढच्या माणसाच्या गळ्यात पडले.

सकाळी पेपरात फोटो आला. रविवार होता, सगळे भाडेकरू ओट्यावर जमले होते, आणि पंढरीशेठ आले तशी सगळ्यांनी उठून जागा दिली. ते बसले नाहीत. त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. उभ्यानेच म्हणाले, ‘ऐका. तो मानूस आपले घरान जेवलाच नाय. पानी पिऊन गेला. मी खोटं बोललो.’

मग तळमजल्यावरच्या एकाने विचारलं, विरोधी पक्षवाले येऊन भेटले की काय? दुसरा म्हणाला, शेठ आता भानगडीतून अंग काढून घेतायत, शहाणा माणूस आहे. मितेश म्हणाला की काकांना दगदग झाली आहे. ताट आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, असं तिघे एकदम म्हणाले. पंढरीशेठ अगतिक झाले. खोटं त्यांनी एका शब्दात पटवलं होतं; आता खरं पटवायला शब्द पुरेनात. शेवटी ते करमरकरांकडे वळले. हा माणूस हरिशरणजींचं काहीच खरं मानत नाही, हा तरी मानेल.

करमरकरांनी पेपरची घडी घातली. ‘पंढरीशेठ, त्या माणसाचं एक अक्षर मी खरं मानत नाही,’ ते म्हणाले. ‘पण तुमच्याकडे जेवला, हे मानतो. कारण ते त्याने नाही, तुम्ही सांगितलंय.’

इमारतीवरची अक्षरं फोडायला पंढरीशेठ घरातून हातोडा घेऊन आले, तर करमरकरांनी रेशनकार्डाची आठवण करून तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मग ते आत गेले.

काल आणलेला जिताडा काल कुणी खाल्ला नव्हता. सरस्वतीबाईंनी आज त्याचं कालवण केलं होतं. पंढरीशेठ पाटावर बसले. बाईंनी फडताळ उघडलं, पंचा सोडला आणि पितळेचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. तांदळाची भाकरी वाढली, कालवण वाढलं आणि समोर बसल्या.

‘बाहेर काय म्हनली मान्सं?’

‘खरं सांगितलं. कोन मानीत नाय.’

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड ठेवलं. पंढरीशेठांनी पहिला घास घेतला. नऊ वर्षं दुसऱ्याच्या तोंडून या हाताची तारीफ करणाऱ्या माणसाने आपल्या तोंडून ती कधी केली नव्हती, हे त्यांना तेव्हा आठवलं आणि लाज वाटली.

‘कसं झालंय?’ बाईंनी विचारलं.

पंढरीशेठ घास चावत राहिले. गिळला. बाईंच्या तोंडाकडे बघून म्हणाले, ‘मीठ ज्यास्त परलंय.’

सरस्वतीबाईंनी ताटात बोट बुडवून चाखून पाहिलं. खरंच जास्त पडलं होतं.