आतला बाबू

तात्यापारा मोहल्ल्यातल्या पोटाच्या डॉक्टरकडे तो माझ्या शेजारी बसला होता. भोपाळपासून वेगळं होऊन आमचं नवं राज्य झाल्यावर इथल्या मंत्रालयात लागलेला कारकून. चेहरा पुरीसारखा टम्म, हातपाय काड्या. दर दोन मिनिटांनी स्वतःचा गाल दाबून बघायचा.

तसेच गाल माझेही होते. आतड्याच्या सुजेवर वर्षभर स्टेरॉइडची गोळी चालू होती. आमच्या चौबे कॉलोनीत सगळे कौतुकानं म्हणायचे, "काय तब्येत बनली हो!" त्या कौतुकाला वैतागून मी शहाणपणा केला आणि गोळी एका दिवसात बंद केली. चौथ्या दिवशी चक्कर, उलट्या, उठवेना. बायकोनं धरून इथं आणलं.

हे सांगितल्यावर तो खुदकन हसला.

"काहून एकदम सोडली? अहो, ह्या गोळीचं काम शरीर स्वतः बी करते. पण बाहेरून माल येऊन राहिला की आतला बाबू झोपून जाते. आमच्या ऑफिसात भोपाळहून माणूस आला अन् इथला बाबू टेबलावर झोपला, तसंच झालं. आता त्या भोपाळवाल्याले एकदम परत धाडलं, तर फाईल कोण उचलन? बाबूले हळूहळू जागं करा लागते."

त्यानं खिशातून डॉक्टरनं लिहून दिलेला कागद काढला. दर आठवड्याला गोळी थोडी थोडी कमी.

मीही मग तसाच कागद घेतला आणि निमूट पाळला. त्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

काल तेलीबांध्याच्या तलावाकाठी एक शेजारी कळवळले, "अरेरे, किती उतरले हो तुम्ही!"

"हव," मी म्हणालो, "बाबू कामावर आला."