फक्कीतला चौक

सदाशिवरावांना एका जागी बसता येत नाही. माझ्या यवतमाळच्या ऑफिसात आले की खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत बोलतात, आणि माझं आधीच तापलेलं डोकं आणखी तापवतात. मी म्हणते, "काका, बसा ना बाप्पा!" तर म्हणतात, "बसलो का माहं ध्यान जाते." आता याला काय म्हणावं!

वय अडुसष्ट, गाव नेरजवळ, धंदा आखणीचा. म्हणजे नकाशा कागदावरून जमिनीवर उतरवायचा. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, कोपरे काटकोनात आणायचे आणि सुतळीच्या कडेनं चुन्याची पांढरी फक्की सोडत रेघ मारायची. त्या रेघेवर मग पाया खोदतात. घरच्या कपाशीच्या वावरात चार भाऊ राबत होते, पाचव्याला काम उरलं नाही, म्हणून विशीत हे एका मिस्त्रीच्या हाताखाली गेले. तेव्हापासून आजूबाजूची कितीतरी घरं, शाळा, गोदामं आधी यांच्या फक्कीत उभी राहिली. जेवतानाही ताटाभोवती बोटानं रेघा ओढतात, असं त्यांच्या घरच्या रत्नप्रभाबाई रागावून सांगतात.

मी मिताली, आर्किटेक्ट. राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. गेल्या वर्षी नेरमधल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवाराचं काम माझ्याकडे आलं. खाली दुकानांचे गाळे, वर नाटक-भजनाचा हॉल आणि वाचनालय, मधोमध मोकळा चौक. गाळे मालकाला हवे होते, हॉल गावाला. चौक मला हवा होता. मी यवतमाळात वाढले, वडील कचेरीत, आई शाळेत. सगळ्या शहरात बाईमाणसानं काही विकत न घेता, कोणाच्या डोळ्यात न खुपता घटकाभर टेकावं, अशी जागा मला एसटी स्टँड सोडून कधी सापडली नाही. ती मी एकदाची बांधणार होते.

पण मालक इंद्रजित. माझ्याच वयाचा, हुशार, बोलायला गोड. "मॅडम, चौकात काय विकता येते? काही नाही ना? मंग तिथं चौदा गाळे बसवू." मी भांडले, चिडले, शेवटी हातही जोडले. तेव्हा तो म्हणाला, "असं करू. येत्या बाजाराच्या दिवशी मी येतो. लोकाईले चौक पायजे, असं मले माह्या डोळ्यानं दिसलं तर ठेवू. नाही तर गाळे."

घ्या! चौक कागदावर, आणि याला तो डोळ्यानं दाखवायचा. चार दिवस ऑफिसात मी एका बाजूनं फेऱ्या घालत होते, सदाशिवराव दुसऱ्या बाजूनं.

"कागद त्याले नाही दिसत, ताई," ते म्हणाले. "आपण सारं जमिनीवर मारू, जसंच्या तसं. बाजार तर त्याच आवारात भरते. लोकं त्यातून चालतीन, त्याले दिसन."

बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही भर उन्हात सुतळ्या ताणल्या. एकेक कोपरा ते तीन-तीनदा मोजत होते. इंद्रजितला समजावं म्हणून त्यांनी प्रत्येक गाळ्याच्या रेघेत दाराएवढी जागा सोडली. चौकापाशी मात्र थांबले. "इथी कसं करू?" माझ्या नकाशात चौक दोन पायऱ्या खाली होता, चारही बाजूंनी सारखा. मी म्हणाले, "सलग मारा. ठसठशीत दिसू द्या." ते जरासे घुटमळले, मग मारली.

सकाळी सात वाजता बाजारवाल्या बाया आल्या आणि रेघा पाहून गडबडून गेल्या. त्यांना वाटलं, जागा वाटून दिल्या! बघता बघता सगळे गाळे भरले. कोपऱ्याच्या गाळ्यावरून दोघी वांगेवाल्या हातघाईवर आल्या. एका गाळ्यात तर तीन टोपल्या आणि चार बाया. आणि मधला चौक? रिकामा. ठणठणीत रिकामा! एक कुत्रं तेवढं मधात पसरलं होतं. लोक चौक ओलांडतही नव्हते, डोक्यावर ओझं घेऊन वळसा घालून जात होते.

दहाला इंद्रजित आला. त्यानं एक नजर फिरवली आणि हसू दाबलं. "मॅडम, लोकाईनंच सांगून टाकलं. आता मी काय बोलू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इंद्रजितवर ओरडता येईना, म्हणून मी भर बाजारात सदाशिवरावांवर ओरडले. "तुमच्या या फक्कीनं माझा चौक खाल्ला, काका! कोणी सांगितला होता हा उपद्व्याप?" म्हाताऱ्या माणसाला मी चारचौघांत बोलले. बोलतानाच कळत होतं, पण जीभ थांबेल तर शपथ.

ते सरळ पलीकडे गेले. तिथं तांड्यावरची रुपीबाई सुक्या मिरच्यांचं पोतं घेऊन अंग चोरून बसली होती. तिला म्हणाले, "माय, इथी एवढी दाटी करून राह्यली. तिकडं एवढी जागा सुनी पडली आहे, तिथी काहून नाही बसली?"

रुपीबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की याला एवढंही कळत नाही! "तो मधला साहेबाईचा आहे ना, दादा? या गाळ्याईले दारं आहेत, त्याले दारच नाही. दार नाही तिथी आमी कायले घुसू? कोनी हाकललं म्हंजे?"

ती सलग रेघ माझी होती.

सदाशिवरावांनी तिथल्या तिथं पायानं फक्की पुसायला सुरुवात केली. एक सबंध बाजू पुसली आणि रुपीबाईचं पोतं स्वतः उचलून आत नेलं. ती बिचकत मागे आली. मग तिचं गिऱ्हाईक आलं. वांगेवालीनं भांडण अर्धवट सोडून टोपली उचलली. बसला उशीर आहे म्हणून दोन बाया पिशव्या टेकून खाली बसल्या, तिसरीनं मांडीवरचं लेकरू तिथंच झोपवलं. या तिघी काही विकत नव्हत्या, घेत नव्हत्या. आणि काठावरच्या गाळ्यांतल्या बाया त्यांना हाका मारमारून माल दाखवत होत्या!

इंद्रजित गाडीत बसता बसता थांबला. बराच वेळ पाहत राहिला. धंद्यातला माणूस, त्याला शिकवावं लागलं नाही. "माणूस थांबला का घेतेच," तो म्हणाला. "ठेवा तुमचा चौक. पण त्या नकाशातल्या पायऱ्या काढा बाप्पा, त्याही आडव्याच येतीन!"

मला रडूच फुटलं. डोळे पुसत सदाशिवरावांकडे धावले. ते चौकाची दुसरी बाजू पुसत होते, चप्पल पांढरीफक्क झाली होती.

"काका, राहिला चौक! आणि चुकलं माझं, तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"तुमचं काय चुकलं?" ते पुसता पुसता म्हणाले. "तुमी पह्यल्यांदा काढला. मी पन्नास वर्षं होत आले, लोकं सांगतीन तिथी रेघ मारून राह्यलो. काल माह्या तोंडात आलतं, ताई, का इथी दार सोडा म्हणावं. पण बोललो नाही."

ते थांबले. पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"असं किती बारी बोललो नसन मी?"

ते तिसऱ्या बाजूकडे वळले, तशी मीही पदर खोचला आणि चौथी पुसायला लागले.