एकाला तीन

सांगलीच्या कॉलेजात मी पीएच.डी.साठी प्लॅस्टिकचा स्पंज बनवते असं सांगितलं, की लोक विचारायचे, भांडी घासायचा का? मला भयंकर राग यायचा. माझ्या स्पंजात पेशी वाढवून नाकाच्या शेंड्यात असतं तसलं मऊ हाड तयार करायचं होतं. हाड झालं, की स्पंज आपोआप विरघळून जाणार. नव्वदीच्या दशकात हे समजावत बसण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं.

कृती तशी सोपी. पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, त्यात मीठ कालवायचं, वाळलेली चकती पाण्यात ठेवायची. मीठ विरघळून निघालं की मागे भोकं राहतात, त्यांतून पेशी आत जातात. माझं मीठ काही निघेना. चार दिवस भिजवलेली चकती ताज्या पाण्यात कुटून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला, की पाणी पांढरंफेक. म्हणजे मीठ आतच. आठ महिने हेच चाललं. शेवटी सर म्हणाले, दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विषय बदला. मी मान डोलावली आणि जिन्यात जाऊन रडले.

रविवारी विट्याला घरी गेले. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उभा जन्म केरळात गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या, दुकानात गेलेला. जेवताना त्यांनी तोंड का उतरलंय म्हणून विचारलं, तेव्हा मी वैतागूनच सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, मीठ किती घालतेस? निम्मं, म्हटलं. जास्त घातलं तर चकतीचा भुगा होईल, ही माझी भीती.

"मग कसं निघंल?" आण्णा म्हणाले. "सोन्यातलं हीण काढाय आमी आदी तिप्पट चांदी मिसळतो, मग तेजाबात, म्हंजी ॲसिडात, टाकतो; चांदी आन् हीण विरघळून जातं, सोनं मागं ऱ्हातं. चांदी कमी पडली तर तेजाब आत शिरतच न्हाई. कणाला कण लागाय पायजे."

इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकले आणि आपल्या घरचा धंदा कसा चालतो हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली.

सोमवारी एकाला तीन मीठ घातलं. भिजवून काढलेली चकती अखंड राहिली. तिचाच तुकडा कुटून थेंब टाकला, पाणी नितळ. मी एवढ्या जोरात ओरडले की शिपाईमामा काही भाजलं का म्हणून धावत आले.

पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत त्या चकतीवर पेशी सोडल्या आणि तीन आठवड्यांनी ती मधोमध कापली. अगदी मध्यापर्यंत पेशी होत्या. सरांनी विचारलं, हे कुठल्या पेपरात वाचलंत? मी सांगितलं, वडील गलाई करायचे.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात वडिलांचं नाव सगळेच घालतात. मी ते प्रयोगपद्धतीच्या प्रकरणात घातलं, आणि सरांनी ते खोडलं नाही.