विंगेतलं हसू

नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणारी मावशी विंगेत उभी राहून हसली, की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूससुद्धा दचकून हसायचा. असं खणखणीत हसू. विनोदी कामं करणारे भाऊ तर वाक्य टाकून तिच्या हसण्यापुरते थांबत आणि मगच पुढचं घेत. तालमीपासून तसंच बसलं होतं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र हसलं, शिंकलं, कपड्यांची ट्रंक उचलली, की मावशीचा लघवीवर ताबा राहीना. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भाऊंचं वाक्य जवळ आलं की ती इस्त्रीचं निमित्त करून सटकायची. भाऊ आपले थांबलेले, आणि विंग गप्प.

"मावशी, माझ्यात आता दम राहिला नाही गं," एकदा मिशी चिकटवता चिकटवता भाऊ म्हणाले. "तुलासुद्धा हसू येत नाही. हा मोसम संपला की बस झालं."

मावशीची खरं सांगायला जीभ रेटेना. घरी थोरल्या लेकीपाशी मात्र ती ओक्साबोक्शी रडली.

"अगं आई, मग डॉक्टरकडे चल ना! दुखण्याला कसली लाज?"

डॉक्टरीणबाईंनी आधी खालचे स्नायू आवळायचे व्यायाम दिले. बटणं टाकता टाकता मावशीने ते नेमाने केले. फरक पडला, पण पोटभर हसण्याइतका नाही. मग बाईंनी शस्त्रक्रिया समजावली, धोकेही सांगितले. मूत्रनळीखाली जाळीची बारीक पट्टी बसवायची, म्हणजे जोर पडला की तिचा आधार मिळतो.

"भाऊंच्या ढगळ विजारीला मी आतून लावते, तशीच की!" मावशी म्हणाली. बाई हसल्या. मावशी जपूनच हसली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. काही आठवडे जड उचलायला सक्त मनाई होती, म्हणून ट्रंका नवऱ्याने वाहिल्या, अर्थातच कुरकुरत.

त्यानंतरच्या एका प्रयोगाला मावशी विंगेतून हलली नाही. भाऊंनी वाक्य टाकलं. थांबायची सवय आता मोडली होती, त्यांनी लगेच पुढचं घेतलं, आणि ते मावशीच्या हसण्यात पार बुडालं. मांड्या आवळून धरायच्याही ती विसरली होती. काही झालं नाही. कपडे कोरडे होते. तिला इतका आनंद झाला, की ती आणखीच हसत सुटली.

भाऊ गर्रकन विंगेकडे वळले. भरल्या नाट्यगृहाकडे पाठ करून क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला थांबले.