कुंचीची शेवटची गाठ

वेखंडाचा वास आला की शेजारच्या काकूंनी भरलेली कुंची आठवते. दुष्काळाचं साल होतं, धाकट्या भावाचं बारसं होतं. मूलबाळ नसलेल्या काकूंनी मिरजगावच्या बाजारातल्या लाल खणावर हौसेनं हिरवे पोपट भरले, दोऱ्याच्या टोकाशी शेवटची गाठ मारली आणि कुंची माझ्या हाती दिली. घरी आत्यानं आधी ती गाठ कापली आणि स्वतः नवी मारली. "वांझेच्या हातची गाठ लेकराच्या डोक्यावर नगं." बारशात कुंचीवरून फिरणारं काकूंचं बोट नेमकं त्या गाठीवरच थांबलं. "ही माझी गाठ न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि घुगऱ्या न घेताच निघून गेल्या. परवा त्याच भावाच्या नातवासाठी मी कुंची भरली. मलाही मूल नाही. शेवटची गाठ न मारता दोरा तसाच लोंबता ठेवला. भावाच्या सुनेनं काही न विचारता सुई मागितली आणि गाठ स्वतः मारली.