चौथीच्या वर्गातला ट्रान्झिस्टर

मी मास्तर झालो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि माझ्या अंगात आधुनिकपणाचं वारं शिरलं होतं. घर पांढुर्ण्याला, शाळा सौसर तहसिलीत, मोहगावच्या अलीकडच्या, महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या एका खेड्यात. शाळा मराठी, सरकार मध्य प्रदेशचं. वर्षअखेरीस साहेब येऊन वर्ग तपासणार आणि त्यांनी बरं लिहिलं तरच माझी नोकरी कायम होणार. माझा सगळा जीव त्या एका कागदात अडकला होता.

साहेबांवर छाप पडावी म्हणून सासऱ्यांनी लग्नात दिलेला ट्रान्झिस्टर मी शाळेत नेऊ लागलो. भोपाळ आमच्याकडे नीट लागत नसे, लागलं तरी हिंदीत. नागपूर मात्र शेजारच्या ओसरीवर बसून बोलल्यासारखं ऐकू यायचं आणि दुपारी तिथून मुलांसाठी मराठीत धडे लागत. ट्रान्झिस्टर मी माझ्याच खुर्चीवर ठेवला. मुलं त्याला नमस्कार करून बसायची. माझ्यासाठी इतक्या झटपट कधी उठली नव्हती. गावातला एखादा खिडकीतून डोकावून म्हणे, "गुरुजीनं तं मशीनच लावली, बाप्पा." मला गुदगुल्या व्हायच्या.

आता दोघांनी एकदम शिकवणं बरं दिसत नाही, म्हणून धडा सुरू झाला की मी बाहेर जायचो. उतरलेले सेल उन्हात वाळत घातले की आणखी दोन-चार दिवस चालतात, अशी तेव्हा सगळ्यांची श्रद्धा होती. वरांड्यात बसून मी सेलांची कूस पालटायचो, संत्रं सोलायचो. आतून रेडिओवरच्या बाईंचा शहाणासुरता आवाज यायचा. 'आपले राज्य' हा धडा तर मुलांना तोंडपाठ झाला. माझ्याही कानावर तो पडत होता, पण त्यात काही खटकलं नाही. लग्नाचा बस्ता नागपूरचा, मोठा दवाखाना नागपूरचा, संत्र्याचा बाजारही तिथलाच. नागपूर आम्हाला परकं कधी वाटलंच नव्हतं.

साहेब आले. खुर्चीवरच्या ट्रान्झिस्टरकडे कौतुकानं पाहून त्यांनी विचारलं, "आपल्या राज्याची राजधानी कोणती?"

"मुंबई," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि मोठी नदी?"

"गोदावरी."

नर्मदेचं नाव कोणी घेतलं नाही. "भोपाळ, बाळांनो. आपला मध्य प्रदेश," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हे कोणी शिकवलं?"

माझं तोंड उतरलेलं पोरांनी पाहिलं. मी मारत नसे, म्हणून त्यांचा माझ्यावर जीव होता. मला वाचवायला एक जण उठला.

"साहेब, गुरुजीची काही गलती नाही. गुरुजी काहीच शिकवत नाही. सारं रेडिओच शिकवते."

"हो ना," दुसऱ्यानं भर घातली, "गुरुजी तं बाहेर सेल वाळवत राहते."

इतक्या प्रेमानं माझा गळा आजवर कोणी कापला नाही. साहेब पोट धरून हसले, पण लिहिताना हसले नाहीत. 'वर्गात रेडिओ आहे, मास्तर नाही,' एवढंच लिहून गेले. माझं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. आठवडाभर मी घरात साहेबांच्या नावानं बोटं मोडली.

राग ओसरल्यावर ट्रान्झिस्टर पुन्हा नेला. या वेळी मात्र त्याच्याजवळ बसलो. धडा थोडा ऐकवला, खटका दाबून बंद केला, भिंतीवर मध्य प्रदेशचा नकाशा टांगला आणि म्हणालो, "आता विचारा काय विचारायचं ते." मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली.

"गुरुजी, बाई म्हणते आपलं राज्य महाराष्ट्र. साहेब म्हणे मध्य प्रदेश. माह्या मामाचं गाव तिकडं महाराष्ट्रात हाय, आम्ही पायीच जातो. रस्त्यात तं कुठं रेघ दिसत नाही. मंग आपण कोणाचे?"

मी नकाशावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मग तिलाच विचारलं, "हे इतके दिवस का नाही विचारलंस?"

"कोणाले विचारू? बाईले ऐकू येत नाही, अन् तुम्ही तं बाहेर."

साहेबांनी बरोबर लिहिलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.